पाचवा पाय

अर्धी वीत रेशीम म्हणजे दहा मैल समुद्र.
मालवाहू जहाजाच्या मागे, पोलादी पेटीत गुंडाळत गुंडाळत
हे रेशीम आइसलंडजवळून जाऊन आलं,
आणि आता प्लिमथच्या टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलावर ओलं पडलंय,
फिकट हिरवं, फॉर्मलिनच्या वासाचं.
(तो वास डब्यातल्या पोळीलाही लागतो.
आता मला त्याशिवाय पोळी अळणी वाटते.)

आई फोनवर विचारते, काय मोजतेस नक्की?
कोपेपॉड. वल्ह्यासारखे पाय असतात त्यांना.
खातात का?
मासे खातात.
म्हणजे जवळ्याहून बारीक?
जवळा जे खातो, त्यातलं.
थोडा वेळ फक्त खरखर.
मग: पगार वेळेवर देतात ना?

शिकवलं डेन्झिल ट्रेवेलाने.
तांदळाच्या कणीएवढा जीव सुईने कुशीवर वळवायचा,
आणि बघायचा पाचवा पाय.
आतली कड सरळ, तर तो उत्तरेचा.
कड आत वळलेली, तर दक्षिणेचा.
ऱ्हस्व-दीर्घाएवढा फरक,
पण वेलांटी चुकली
की अख्खा समुद्र चुकीच्या रकान्यात.

बाकीचेही असतात.
दुर्बीण लावल्यासारखे दोन डोळे पुढे काढलेला,
शेपटीला मोरपिसं बांधून चुकून इतक्या वर आलेला,
निळी अंडी पोटाशी घेऊन फिरणारी,
आणि तो इवलासा, जो प्रत्येक नमुन्यात असतो,
म्हणून ज्याला कोणी हाक मारून दाखवत नाही.
डेन्झिल म्हणायचा, उत्तर म्हणजे एकाच आडनावाचं गाव,
जाती चार, पण दारोदारी तेच.
खाली विषुववृत्ताकडे जा, आठवडी बाजार,
शेकडो जातींची माणसं
आणि ओळखीचं एकेकच.
आपण बसलोय वेशीवर, असं म्हणून
तो चहात तिसरी साखर टाकायचा.

वेस हलली.
जुन्या वहीत, बासष्ट सालच्या ऑगस्टमध्ये,
विनिफ्रेड नावाच्या कोणा बाईने टोकदार पेन्सिलीने
याच चौकोनात उत्तरेचे लिहिलेत एकशे चाळीस.
चाळीसच्या शून्यात तिने शाळकरी नीटपणा ठेवलाय.
माझ्याकडे तीन.
दक्षिणेचे मात्र भरपूर, सडपातळ, निरोगी,
त्यांच्यावर रागवावं असं त्यांनी काही केलेलं नाही.

कोणी म्हणेल, तूही तर खालून वर आलीस.
नको. मी विमानाने आले, कागदपत्रं घेऊन,
थंडीला नावं ठेवत.
यांना कोणी बोलावलं नाही, कोणी हाकललं नाही.
पाणी कोमट झालं, एवढंच.

गुरुवारी डेन्झिल आला, निवृत्तीनंतर पहिल्यांदा,
केशरी बनांची पिशवी घेऊन.
मोतीबिंदू पिकलाय. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला
आणि बराच वेळ काही न दिसता बघत राहिला.
किती, म्हणाला.
तीन.
मोजताना चुकलीस का?
इतक्या आशेने मला कोणी
चुकीबद्दल कधी विचारलं नव्हतं.
दोनदा मोजलेत, म्हणाले.
त्याने बन मोडला, अर्धा मला दिला,
आणि मनुका टिपत बसला
बोटाने, एक एक, टेबलाच्या कडेला
रांगेत लावून.

तो गेल्यावर तिसऱ्याला पुन्हा कुशीवर वळवलं.
कड सरळ. शंका नाही.
पोटात तेलाचा लांबट थेंब तसाच होता,
खोल अंधारात उपाशी झोपायच्या
एका हिवाळ्यासाठी साठवलेला.
दिवा थोडा कमी केला.
रकान्यात ३ लिहिलं,
जरा ठळक,
विनिफ्रेडबाईंना वाचता येईल असं.